भाजीतली अर्धी गोळी

कोमलच्या बाबांना,

तुमी गेल्याला वर्ष झालं. आज लेकीकडं नांदेडला निघाले. कळमनुरीला गाडीत चढले अन् सवयीनं खिडकीची जागा तुमच्यासाठी सोडून बसले.

चार वर्षं आठवड्यातून दोनदा आपण असेच डायलिसिसला जायचो. तीस वर्षांच्या संसारात बोलला न्हाईत तेवढं तुमी त्या गाडीत बोललात. शाळा बुडवून नदीवर जायचात ते सांगितलंत. मला पाहायला आलात तेव्हा घाबरून चहा अंगावर सांडून घेतलात, तेही.

मी मात्र एक गोष्ट बोलले न्हाई. चक्कर येते म्हणून तुमी हृदयाची गोळी सोडली. "मशीन रक्त साफ करून राहिली, मग ही काहून?" म्हणालात. डॉक्टर मला म्हणाले, "किडनीच्या पेशंटला बहुतेकदा हृदयच दगा देतं. अर्धी द्या, पण बंद करू नका." तेव्हापासून मी ती कुटून तुमच्या भाजीत घालत होते.

तुमी ऐटीत सगळ्यांना सांगायचात, "गोळीबिगर ठणठणीत हाय." ते ऐकून शेजारच्या खाटेवरचे ग्यानबा गोळी सोडायला निघाले, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. ते खूप हसले. त्यांनी गोळी सोडली न्हाई, अन् तुमाला कधी कळूही दिलं न्हाई.

मीच सांगायला पायजे होतं. पण तुमी रागावला असता, अन् परत पहिल्यासारखे मुके झाला असता. तेवढ्या भ्यानं गप्प राहिले.

तुमची,
पार्वती