सहा दिवसांच्या मोटेची वाटणी

दिनांक ३ मार्च १९६२, शनिवार. आज डोंगरसिंगचे बाराव्याचे जेवण झाले. मी गेलो होतो. दुपारी घरी येऊन हा कागद लिहायला बसलो.

मी अमरसिंग मेरसिंग आडे, वय ६१, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार चिंचपाड तांडा, दिग्रसजवळ. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर पत्नी मानीबाई हिचे, तिच्या हयातीपर्यंत. नंतर ते मुलगा शंकरसिंग याचे. शेत आजपासूनच शंकरसिंगचे.

२. विहीर. ती आमच्या तिघांच्या बापांनी मिळून खोदली. माझा, चुलतभाऊ डोंगरसिंगचा आणि शेजारी लखीरामचा हिस्सा सारखा आहे, त्याबद्दल कधी वाद नव्हता. वाद मोटेचा होता. विहिरीतून पाणी उपसणारी मोट ओढायला दोन बैलांची जोडी लागते. आम्हा तिघांकडे एकेकच बैल. माझा बैल जुवाच्या डाव्या बाजूचा, त्या दोघांचे उजव्या बाजूचे. एका बाजूची सवय लागलेला बैल दुसऱ्या बाजूला चालत नाही. म्हणजे मोट चालायची तर माझा बैल हवाच, आणि त्या दोघांपैकी कोणाही एकाचा पुरे.

हे मी ओळखले आणि वापरले. डोंगरसिंग पाळी मागायला आला की सांगायचो, लखीराम अर्ध्या दिवसावर राजी आहे. लखीरामला सांगायचो, डोंगरसिंग पाव दिवसावर आला. दोघे एकमेकांपेक्षा कमी मागत गेले. शेवटी आठवड्याचे सहाही दिवस पाणी माझे, आणि संध्याकाळी पाटात उरेल ते त्यांचे. सातवा दिवस बाजाराचा, बैलांच्या विश्रांतीचा. अशी सात वर्षे गेली. डोंगरसिंग हसून म्हणायचा, "मास्तर, तुमच्या बैलापरीस तुमीच डावे." मानीबाई एकदाच बोलली, "शाळेत पोराईले भागाकार शिकवता ना? घरी काहून विसरता?"

३. मागच्या महिन्यात त्या दोघांनी माझ्यावाचून चालवायचे ठरवले. दोन्ही उजवे बैल जुंपले. मी बांधावर उभा होतो. मोट खाली सोडताना बैलांना धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतारावरून, मागे सरत यावे लागते, तिथे असली जोडी फाकते हे मला ठाऊक होते. मी हाक मारली नाही. वाटले, बैल अडतील आणि दोघे पुन्हा माझ्याकडे येतील. डोंगरसिंगचा बैल जुवातून निसटून कडेला गेला, दोरात डोंगरसिंगचा पाय अडकला आणि तो व बैल दोघे विहिरीत गेले. पंचनाम्यात बैल बुजला असे लिहिले आहे. मी बांधावर होतो हे त्यात नाही, म्हणून येथे लिहितो.

४. नंतर पाटी घेऊन हिशेब केला. तिघे विहिरीवर एकामागून एक येतात असे धरले. ज्याच्या येण्याने मोट सुरू होते, तो दिवस त्याचा. येण्याचे क्रम सहाच होतात, मोटेचे दिवसही सहा. मी पहिला आलो तर मोट माझ्यामागून येणाऱ्यामुळे चालते: एकदा डोंगरसिंगमुळे, एकदा लखीरामामुळे. उरलेल्या चार क्रमांत ती माझ्यामुळे चालते. म्हणजे चार दिवस माझे, एक डोंगरसिंगचा, एक लखीरामचा. आठवड्यातला एक दिवस दिला असता तर डोंगरसिंगचा गहू उभा राहिला असता आणि तो त्या धावेवर गेला नसता.

५. डोंगरसिंगचा एक दिवस त्याच्या पत्नीला द्यायचे म्हटल्यावर शंकरसिंग म्हणाला, "बाबा, काकाचा बैल तं गेला. तुमच्याच हिशेबानं काकूची पाळी शून्य होते. कायले देता?"

हिशेब त्याने बरोबर केला. म्हणून माझा डावा बैल मी डोंगरसिंगची पत्नी रुपीबाई हिला देत आहे. तो आजच तिच्या गोठ्यात बांधला आहे. माझ्यामागे कोणी मागू नये. बैल थकल्यावर दुसरा डावा बैल घेण्यासाठी माझे पोस्टातील बचत खाते तिचे. तिने दावे हातात घेतले, माझ्याकडे पाहिले नाही. एवढेच म्हणाली, "बैल देल्ला मास्तर. मानूस कोठून आनू?"

६. यापुढे चार दिवस रुपीबाईचे, एक लखीरामचा. शंकरसिंगने उजव्या बाजूचा बैल घ्यावा, म्हणजे एक दिवस त्याचा. तो रुपीबाईकडे पाळी मागायला जाईल तेव्हा तिने लखीरामचे नाव सांगून त्याचा दिवस कमी करू नये, ही तिला विनंती. तिने ऐकलेच पाहिजे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

७. शंकरसिंग रागावून घाटंजीला सासऱ्याकडे गेला आहे. हा कागद त्याला वाचून दाखवावा.

लखीरामचा यात हिस्सा असल्याने त्याची साक्ष घेतली नाही. वरील मजकूर माझ्या हाताने लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि सही केली.

अमरसिंग मेरसिंग आडे
साक्षीदार: वामनराव गोविंदराव ठाकरे, शिक्षक, दिग्रस
साक्षीदार: बळीराम डोमाजी खोब्रागडे, चिंचपाड
स्थळ: चिंचपाड तांडा, जिल्हा यवतमाळ

साक्षीदार सह्या करून गेले. दिवस थोडा बाकी होता. माझ्या रिकाम्या गोठ्यात बैलाचे सकाळचे शेण तसेच पडले होते, ते काढून जागा झाडली.