हिरव्या ठिगळाचा सदरा

आई, पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. गुडघा आता फक्त पायऱ्या उतरतानाच दुखतो. धाकटीचा खोकला गेला का?

बाबांनी हमाली केली ते शहर कसं आहे, असं विचारलं होतंस. डोंगरावर चित्रकारांचं राज्य आहे. गल्लोगल्ली चित्रं, चौकाचौकात पुतळे. गाईड सगळा इतिहास सांगतो. पुतळे पाठीवरून वर कोणी आणले, तेवढं सोडून.

काल पाहुण्यांचं सामान घेऊन संग्रहालयात गेलो, तर भिंतीवरच्या चित्रात बाबा! पाठीवर पियानो घेऊन पायऱ्या चढताहेत. खांद्यावर तू लावलेलं हिरवं ठिगळ, तसंच तिरकं. खाली पाटी, ‘अज्ञात हमाल’. चित्रकाराचं नाव मात्र ठसठशीत.

मी गाईडला म्हटलं, "हे माझे वडील. यांना नाव आहे, पाटीवर घाला."

तो हसला. "अहो, नाव घातलं तर चित्रातली जादूच जाईल."

जादू म्हणे! त्याच पियानोनं बाबांचा मणका गेला. सहा वर्षं तू त्यांना कुशीवर वळवलंस, ती कसली जादू होती?

पाहुण्यांतल्या एका बाईंना मात्र फार कौतुक वाटलं. त्यांनी मला ओझ्यासकट चित्राशेजारी उभं केलं. "जरा वाका," म्हणाल्या. मीही मेला वाकलो. फोटो काढून झाला. नाव त्यांनीही विचारलं नाही.

ते हिरवं कापड उरलं असेल तर पाठव. माझा सदराही त्याच जागी फाटलाय.

तुझाच,
थोरला