नावं ठेवा, निम्मं म्हणा, चालू लागा

३ मार्च, रविवार

आजपासून रोज लिहायचं. मराठीत. वेनली चिनी, तिला मराठी वाचता येत नाही आणि बाबांना माझं अक्षर वाचता येत नाही. सिक्युरिटी दोन्हीकडून टाइट.

मुद्दा असा. मला वेनलीशी लग्न करायचंय. तिलाही माझ्याशी करायचंय. (असं ती जानेवारीत म्हणाली होती. त्यानंतर बदल कळवलेला नाही.) अडचण एकच, तिची आई. हुआंग आंटी. आंटीच्या मते सत्यजित (म्हणजे मी, वेनलीचा जीत) हा मुलगा कॉलेज अर्धवट सोडलेला, चिडका आणि पैशाची अक्कल नसलेला आहे.

पैकी पहिलं चूक. कॉलेज सोडलेलं नाही, ब्रेक दिलाय. कुणी कुणाला दिला हा वेगळा विषय. दुसरं पुन्हा कुणी म्हणून दाखवावं, मग बघतो. तिसऱ्याला पुरावा काय, तर मी व्हॅलेंटाइनला वेनलीसाठी गुलाब आणले. त्याच दिवशी, फुल प्राइस. आंटी म्हणाली, पंधरा तारखेला हेच गुलाब निम्म्यात मिळतात. मी म्हणालो, आंटी, प्रेम पंधरा तारखेपर्यंत थांबत नाही! म्हणजे मनात म्हणालो.

७ एप्रिलला त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय. लग्नाचं बोलणं त्याच दिवशी.

संकल्प : तोपर्यंत खरेदी शिकायची. आंटीच्या वरताण.

९ मार्च, शनिवार

आंटीला घेऊन फ्ली मार्केटला, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजाराला गेलो. ड्रायव्हर म्हणून. वेनलीची फार्मसीत ड्यूटी होती.

आंटीला एक लोखंडी कढई आवडली. आवडली हे मला कसं कळलं, तर तिने कढईची निंदा सुरू केली. हँडल सैल. तळ पातळ. हिच्यात अंडं तळलं तर अंड्याला लाज वाटेल. विकणारा म्हणाला, तीस. आंटी म्हणाली, पंधरा. तो हसला. आंटीने कढई ठेवली आणि चालू लागली. मी म्हणालो, आंटी, चांगली होती ना? तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. दहा पावलांवर मागून हाक, "मॅम! मॅम!" सतरा डॉलर. वर एक झारा फुकट.

येताना गाडीत आंटीने विद्या दिली. एक, वस्तू आवडली की तिला नावं ठेवायची. दोन, निम्मं म्हणायचं. तीन, चालू लागायचं, आणि मागे बघायचं नाही. बघितलंस की मेलास.

चौथंही काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात रूट वन हायवेवर मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न मारला. एकदा नाही, तीनदा! मी काच खाली करून त्याला त्याची लायकी सांगितली. त्यात आंटीचं राहिलं. असो. तीन पुरेत. सगळं मुख्य ते पहिल्या तिनांतच येतं.

१२ मार्च, मंगळवार

आई आमच्या दुकानात आली. (गुरुदत्त काकांचं इंडियन ग्रोसरी. मी टेम्पररी आहे. दुसरं वर्ष.) आल्याची वाळकी बोटं मोडून बाजूला काढली, भेंडीचे शेंडे मोडून बघितले, आणि कोथिंबीर जुनी आहे म्हणून कढीपत्ता फुकट मागितला. काकांनी दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कस्टमर बघत होते.

आंटी हेच करते, पण तिच्यात आर्ट आहे.

१७ मार्च, रविवार

एकट्याने पहिली मोहीम. टार्गेट, आंटीसाठी राइस कुकर. फ्ली मार्केटमधला म्हातारा म्हणाला, चाळीस. मी नावं ठेवली. वायर बारकी, झाकण वाकडं, रंग म्हणजे आजारी माणसाचा. मग म्हणालो, वीस.

तो म्हणाला, ओके.

ओके? मला चालायचं होतं! मी विचारलं, लगेच ओके कसं काय? तो म्हणाला, तू वीस म्हणालास. मी म्हणालो, म्हणजे तू चाळीस म्हणताना मला फसवत होतास! आवाज थोडा वर गेला. लोक जमले. शेवटी स्वाभिमान म्हणून पंचवीस देऊन आलो.

घरी उघडून बघितला तर आतलं भांडंच नाही.

टेक्निक बरोबर होती. समोरचा अनप्रोफेशनल निघाला.

२४ मार्च, रविवार

नूडलच्या हॉटेलात मी, वेनली, आंटी आणि आंटीची नणंद. बिल आलं आणि दोघींची जुंपली. आंटीने नणंदेचं मनगट धरलं. नणंदेने आंटीची पर्स स्वतःच्या बुडाखाली घेतली आणि वर बसून राहिली. आंटी म्हणे मी देणार, नणंद म्हणे माझं प्रेत ओलांडल्याशिवाय नाही. वेटर सवयीचा, भिंतीला टेकून उभा. मी मदत म्हणून सुचवलं, आपापलं द्या ना, फेअर पडेल. दोघी थांबल्या आणि माझ्याकडे एकत्र बघितलं.

वेनली गाडीत म्हणाली, जीत, तू प्लीज घरच्यांसमोर थोडं कमी बोल. मी विचारलं, कढईवाल्याला तेरा डॉलरसाठी रडवणारी बाई, आणि इथे सगळ्यांचं बिल भरायला मारामारी? लॉजिक काय? ती म्हणाली, तुला खरंच कळत नाहीये?

कळतंय. बायका मूडी असतात. पण तिला टेन्शन होतं म्हणून बोललो नाही. तिने मला विश्वासात घेऊन एक गोष्ट सांगितली. फार्मसी लायसन्सच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली होती. घरी कुणालाच माहीत नाही. आजोबांना तर अजिबात कळता कामा नये, ते तिला घराण्यातली पहिली डॉक्टर म्हणतात. मी तिला वचन दिलं. मी म्हणजे थडगं, आत गेलेलं बाहेर येत नाही.

किती प्रेम आहे माझं तिच्यावर. गाडी चालवताना डोळे भरून आले. पुढच्याने ब्रेक मारला तो त्याच्या चुकीने.

३० मार्च, शनिवार

आई म्हणते, ७ तारखेला आम्हीही येतो. लग्नाचं बोलणं मुलगा एकटा जाऊन करतो का? मी नारळ घेते, पुरणपोळ्या करते. मी म्हणालो, नको, तू तिथे जाऊन काहीतरी मोडून बघशील. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, जाऊ दे त्याला, कॉलेजही त्याने एकट्यानेच हँडल केलं होतं.

मी दार आपटून बाहेर गेलो. किल्ली आत राहिली. बेल वाजवावी लागली.

६ एप्रिल, शनिवार

तयारी पूर्ण. आरशासमोर तीन वेळा चालून बघितलं. मान वळत नाही. उद्या आंटीला कळेल की जावई तिच्याच शाळेत शिकलाय.

७ एप्रिल, रविवार, दुपारी २ वाजून १० मिनिटं. गाडीत, त्यांच्या घरासमोर

सुपर्ब झालं. झालेलं तसंच्या तसं लिहून ठेवतो, पुढे मुलांना सांगता येईल.

दारात बूट काढले, पाहुण्यांच्या सपाता मिळाल्या. गुलाबी, वर ससे. जेवण बेस्ट. अख्खा मासा, डोकं माझ्याकडे करून ठेवलेला. मानाचं आहे म्हणे. आजोबांनी मला स्वतःच्या हाताने चहा ओतला. मग आंटी खाकरली. म्हणाली, आमच्यात पद्धत आहे, मुलाकडचे मुलीच्या घरी काही रक्कम देतात. फार नाही. शुभ आकडा. आठ हजार आठशे अठ्ठ्याऐंशी.

आणि हसली. मी ओळखलं. ओपनिंग बिड!

आंटी पुढे काहीतरी बोलणार होती, पण समोरच्याला बोलू दिलं की भाव चढतो. मी सुरू झालो. एक नंबर : नावं ठेवणं. म्हणालो, आंटी, जरा जास्त होतात. वेनली माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. घोरते. भात करपवते. गाडीत तिला उलटी होते. कुठेही वेळेवर पोचत नाही. आणि लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापासही झालेली आहे.

सगळ्यांच्या जेवायच्या काड्या हवेत थांबल्या. इम्प्रेस झाले होते.

दोन नंबर : निम्मं. म्हणालो, चार हजार चारशे चव्वेचाळीस.

आजोबांनी काड्या खाली ठेवल्या. नणंद पुटपुटली की चार म्हणजे त्यांच्यात मरणाचा आकडा, लग्नाच्या टेबलावर कुणी उच्चारत नाही. आणि मी चार वेळा उच्चारला होता. पण घासाघीस म्हटल्यावर थोडं इकडेतिकडे होणारच.

तीन नंबर : उठलो आणि चालू लागलो. मागे बघितलं नाही. परफेक्ट.

२ वाजून २५ मिनिटं. अजून हाक नाही. आंटी कसलेली आहे.

२ वाजून ४० मिनिटं. पडदा हलला. हलवणारी मांजर होती.

३ वाजता. पायात सशाच्या सपाता आहेत. बूट आत राहिले. म्हणजे मला परत बोलवावंच लागणार. नकळत केवढी मोठी चाल खेळलो!

३ वाजून ३५ मिनिटं. आजोबा बाहेर आले. कचऱ्याचा डबा आत घेतला. गेले.

८ एप्रिल, सोमवार

आज सूर्यग्रहण. आई म्हणाली, आज काही महत्त्वाचं बोलू नकोस कुणाशी. हे काल सांगायला काय झालं होतं?

आमचं सगळं वेस्ट विंडसर गाव काळे चष्मे लावून आकाशाकडे बघत होतं. मी फोनकडे. साडेतीनच्या सुमारास, उजेड उतरल्यावर, वेनलीचा मेसेज आला. एकच, लांब. ती रक्कम आंटी ठेवून घेणार नव्हती. त्यांच्याकडे मुलीची आई ती परत देते, वर स्वतःचे तेवढेच घालून, दोघांच्या घरासाठी. आंटीने पैसे कधीच बाजूला काढून ठेवलेत. तेच सांगायला तिने तोंड उघडलं होतं.

शेवटची ओळ : आजोबा आता मला डॉक्टर म्हणत नाहीत. नावाने हाक मारतात. मला फोन करू नकोस.

फोन केला. उचलला नाही. अकरा वेळा.

चूक आंटीची आहे. शिकवायचं तर पूर्ण शिकवावं.

१३ एप्रिल, शनिवार

दुकानात एका बाईने भेंडीचा भाव कमी करा म्हणून विचारलं. मी म्हणालो, ताई, काय वाटेल ते द्या, पण भेंडीला नावं ठेवू नका. तिलाही आजोबा असतील. गुरुदत्त काकांनी मला मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर बसवलं आणि पाणी दिलं.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, अरे गाढवा, भाव भाजीचा करतात. बाबा म्हणाले, चारचा अपशकुन सोड, चौघांत बोलायची अक्कल नाही. चिडणार होतो. चिडलो नाही. भूक नव्हती.

संकल्प : आंटी पुढच्या शनिवारी घरातलं जुनं सामान दारात विकायला मांडणार आहे, यार्ड सेल, असं कळलंय. सपाता परत द्यायला जायचं. माफी मागायची. कितीही पैसे सांगितले तरी कबूल करायचे. वेनलीशिवाय मी म्हणजे भांड्याविना राइस कुकर.

२० एप्रिल, शनिवार, संध्याकाळी. त्यांच्या घरासमोर, फुटपाथच्या कडेला

अकराला पोचलो. ड्राइव्हवेवर टेबलं मांडलेली. आंटी खुर्चीत, कमरेला पैशाची पिशवी. मी पायातल्या सपाता काढून पुढे केल्या आणि एका दमात म्हणालो, आंटी, माझं चुकलं, आठ हजार आठशे अठ्ठ्याऐंशी मंजूर, दुप्पट म्हणालात तरी मंजूर. आंटी म्हणाली, तीन सेकंदांत दुप्पट? तुला अजून काहीच येत नाही.

मग म्हणाली, गाडीत तुला चौथं सांगितलं होतं. तू त्या हॉर्नवाल्याशी भांडत होतास. चौथं असं, की हे सगळं परक्याशी. घरच्या माणसाशी भांडायचं ते जास्त देण्यासाठी.

मी खाली बघितलं. बूट मागितले. आंटी म्हणाली, गेले. सकाळीच. सपाताही तिने माझ्या हातातून घेतल्या आणि टेबलावर मांडल्या. पन्नास सेंट. मी मोज्यांवर.

वेनली गॅरेजमधून बाहेर आली. मी सुरू केलं, तू हुशार आहेस, प्रेमळ आहेस, तुझा करपलेला भात मला... ती म्हणाली, जीत, गप्प बस. आजोबांना सांगायचं ते मी आता स्वतः सांगितलंय. ते म्हणाले की ते स्वतः ड्रायव्हिंगला सहा वेळा नापास झालेत. पण ते माझं होतं सांगायचं, तुझं नव्हतं. मी म्हणालो, हो. एकच शब्द. पहिल्यांदाच. ती म्हणाली, जाऊन तिकडे कडेला बस. मी विचार करतेय. आत यायचं नाही.

म्हणून इथे बसलोय. चिडलेलो नाही, नोंद घ्यावी.

आत्ता आईचा फोन. आनंदात. म्हणाली, अरे, तुझे बूट आणले! ती पाच म्हणाली, मी शिवण उसवली म्हटलं, टाच घासली म्हटलं, दोन म्हटलं, आणि चालू लागले. बोलावलंन् मागून! फार गोड बाई आहे रे. मग कळलं तिला मी कोण ते. पैसे परत करायला लागली, मी घेईना, ती ऐकेना, आमची जवळजवळ मारामारीच झाली. उद्या आम्ही दोघी मिळून तांदळाचं मोठं पोतं घेतोय, निम्मं निम्मं. मी विचारलं, आई, माझ्याबद्दल काही? आई म्हणाली, अय्या, ते राहिलंच.

सेल संपला. न खपलेलं सामान आंटीने माझ्या शेजारी आणून ठेवलं आणि पुठ्ठ्याचा बोर्ड लावला. "फ्री. घेऊन जा." एक गाडी थांबली, खुर्ची घेतली. दुसरी थांबली, दिवा आणि गळका ह्युमिडिफायर. तिसऱ्या गाडीतून एक आजी उतरल्या. उरलेली फुलदाणी उचलली, मला वरपासून मोज्यांपर्यंत न्याहाळलं, आणि नुसती फुलदाणी घेऊन गेल्या.

आता फक्त मी उरलोय. म्हणजे कॉम्पिटिशन संपली.

आंटी बाहेर आली. बोर्ड उचलला. मला पाहिलं. म्हणाली, चिडका, बडबड्या, बूटसुद्धा सांभाळता येत नाहीत. बोर्ड परत ठेवला, जरा माझ्याकडे वळवून. मग आत चालू लागली. मागे एकदाही बघितलं नाही.

म्हणजे नक्की आवडलोय.