शीवच्या किल्ल्यावर पस्तीस मिनिटं

रविवार, ८ डिसेंबर १९५७

पस्तीस मिनिटं! पस्तीस मिनिटं मी शीवच्या किल्ल्याभोवती विमान गोल गोल फिरवत होते. एकटी. खाली पाहिलं की किल्ला, समोर पाहिलं की नुसतं ताक.

नाशिकहून परत येत होते. मुंबईवर धुकं, त्यात परळच्या गिरण्यांचा धूर. टॉवरला रेडिओवर विचारल्याशिवाय मुंबईच्या हद्दीत शिरायचं नाही, असा नियम. विचारलं. "शीववर थांबा," टॉवरवरचा माणूस म्हणाला. थांबले. जरा वेळाने त्यानेच विचारलं, "काही मदत हवी? दिशा सांगू?"

आणि मी म्हटलं — नको, नको, राहू दे!

जुहू कुठल्या बाजूला तेही कळत नव्हतं मला! पण कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. मग तो आग्रह करणार, मग आपण घ्यायचं. मी आग्रहाची वाट पाहत राहिले. त्याने पुन्हा विचारलंच नाही. मेला कधी पंगतीला बसला नसेल!

अखेर त्याने आत बोलावलं तोवर धूर विरळ झाला होता. समुद्राची कड धरून जुहूला उतरले.

अच्युत मैदानातच उभा. माझा मावसभाऊ, पण फ्लाइंग क्लबात तोच मास्तर. "ताई, घार आहेस का तू? पेट्रोल संपलं असतं तर?" मग आवाज खाली आणून — क्लबचे मोठे साहेब भडकलेत. पाच जानेवारीला पुन्हा नाशिक. परत असं काही झालं तर नाव कापणार. लायसन्स विसरायचं.

घरी ह्यांचं वेगळंच. "वरून मुंबई महाराष्ट्राला जोडलेली दिसते का, तेवढं सांग. उद्या सभेत बोलायचंय." म्हटलं, धुकं होतं, काही दिसलं नाही. "दिल्लीलाही तसंच होतंय," हे म्हणाले.

सोमवार, ९ डिसेंबर

गेल्या वर्षी एक गोष्ट लिहायची म्हणून विमान जवळून पाहायला गेले होते. अच्युतने विचारलं, "बसतेस?" नको म्हटलं. तो घरचा — त्याने तीनदा विचारलं. म्हणून तर उडाले. गोष्ट लिहायची राहिलीच.

बेचाळीस वर्षांत आणखी कुठे कुठे नको म्हटलं असेल? जिथे समोरच्याने एकदाच विचारलं ते तर आठवतही नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

अच्युत जेवायला आला आणि सगळं सासूबाईंपुढे ओकला! त्या पळी हातात धरून ऐकत होत्या.

"म्हणजे पहिल्यांदा विचारलं की हो म्हणायचं. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग उद्यापासून बघते हिच्याकडे."

शुक्रवार, १३ डिसेंबर

"पोळी?" — नको. डबा पुढे गेला.

"भात?" — नको. पातेलं पुढे गेलं.

उपाशी उठले. हे खाली मान घालून हसत होते.

बुधवार, १८ डिसेंबर

भात? हो. आमटी? हो! ओरडलेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला ऐकू येतं. टॉवरवर ओरड."

रविवार, २२ डिसेंबर

सवय भलतीकडे पसरली. समोरच्या राधाबाई म्हणाल्या, आठवडाभर आमचा बोका सांभाळाल? हो. ह्यांच्या समितीचे लोक म्हणाले, वहिनी, मोर्च्यासाठी फलक शिवाल? हो. घरात एक बोका आणि बारा कापडी फलक. बोका 'संयुक्त'वर झोपतो.

आज अच्युतसोबत उड्डाण. "ताई, विमान चढत का नाही गं आज?" काय सांगू! रोज तीन-तीनदा वाढून घेतलेला भात.

रविवार, ५ जानेवारी १९५८

धुकं मागच्यापेक्षा दाट. खाली किल्लासुद्धा पुसट. "शीववर थांबा." थांबले. एक फेरी, दोन फेऱ्या.

"मदत हवी का?"

जीभ 'न'पर्यंत गेली होती. तेवढ्यात डोळ्यांपुढे पातेलं — पुढे निघालेलं!

"हो! हवी! दिशा सांगा, उंची सांगा, असेल ते सगळं सांगा!"

पलीकडून, "सावकाश, बाई. एकेक सांगतो."

तो सांगत गेला, मी ऐकत गेले. धुरातून आधी समुद्र निघाला, मग जुहूची धावपट्टी, मग तिच्या कडेला हातवारे करणारा अच्युत. साहेबांनी सही केली. मी तिथेच रडले. अच्युतने रुमाल देऊ केला — घेतला. लगेच.

शनिवार, १ फेब्रुवारी

लायसन्स आलं. आता मागच्या जागेवर एकाला बसवता येतं. सासूबाईंना आपलं रीतीपुरतं विचारलं, "येता का एकदा वर?"

"हो," म्हणाल्या. मीच गडबडले.

मग विचारलं त्यांनी, वरून रेवदंडा दिसेल का. त्यांचं माहेर. लग्नानंतर पहिल्या वर्षी मामंजींनी विचारलं होतं म्हणे, माहेरी जाऊन येतेस? या नको म्हणाल्या. ते पुन्हा विचारतील म्हणून.