दुपारी दोन ते पाच, मोठ्याने वाचन

३ नोव्हेंबर

नोकरी लागली! अठ्ठावन्नाव्या वर्षी हे लिहिताना हसू येतंय. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढून काढून डोळे शिणले, आणि आता पुन्हा वाचायचंच काम. फक्त मोठ्याने, दुपारी दोन ते पाच. घर दुमजली, टापटीप. घरातल्या बाईंना सगळी गल्ली सिस्टर म्हणते. बारा वर्षं इस्पितळात नर्स होत्या. वरच्या खोलीत त्यांचे वडील असतात. झटका आल्यापासून वाचा गेली, डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. त्यांना रहस्यकथा लागतात, त्याही बर्फातल्याच. कपाटात सव्वीस मोजल्या. सिस्टरनी माझी खूप विचारपूस केली. माझ्यामागे कोणी नाही म्हटल्यावर हातावर हात ठेवला. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

पहिली कादंबरी सुरू. चाळीस घरांचं गाव, गोठलेलं तळं, वर्षातले चार महिने रस्ता बंद. एकच हवालदार, तोही सर्दीने बेजार. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्याला खाली एक बूट दिसतो, आणि बुटात पाय. खुनी गावातलाच असणार, कारण बाहेरून यायला वाटच नाही. वर पंखा गरगरतोय, मी रुमालाने मान पुसत बर्फ वाचतेय!

बाबा मध्येच बोट उचलतात. पाणी हवं का विचारलं, तर नको असतं. बोट खाली जातं, मी पुढे वाचते. चारला सिस्टर स्वतः कॉफी आणतात आणि कप रिकामा होईपर्यंत समोर बसतात. इतकं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

पाय शिशाचे झालेत. वय, दुसरं काय. काल घरी जाऊन भांडी तशीच टाकून आडवी झाले, ती थेट सकाळी उठले. कादंबरीत हवालदार घरोघर हिंडतोय; जो तो त्याला आत बोलावून गरम काहीतरी पाजतो आणि खोटं सांगतो. खुनी टपालवाला आहे हे मला केव्हाच कळलं. कोण नको तितक्या वेळा पानावर येतंय ते मुद्रितशोधकाला दिसतं.

बाबांचं बोट आज नीट पाहिलं. वाक्य संपल्यावर ते उठत नाही, अधेमधे एखाद्या शब्दावर उठतं. हात सवयीचा, त्या शब्दाशी, समासात, पेन्सिलीची बारीक खूण करत गेले.

१२ नोव्हेंबर

सिस्टर म्हणाल्या, एवढ्या दमता तर जा-ये कशाला, आमची खालची खोली रिकामीच आहे. आले. एक बॅग आणि ही वही. माझ्या भाड्याच्या खोलीची किल्ली त्यांनी परस्पर मालकाला देऊन टाकली, मला नंतर सांगितलं. रागवायला हवं होतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

१४ नोव्हेंबर

कादंबरी संपली. टपालवालाच निघाला. मिटण्याआधी माझ्या खुणा चाळल्या आणि खूण केलेले शब्द ओळीने वाचले.

मी. इथे. वाचायला. आलो. होतो.

पुन्हा वाचले. मान वर केली तर बाबा माझ्याकडेच पाहत होते. कदाचित पहिल्या दिवसापासून पाहत असतील. हळूच विचारलं, तुम्ही सिस्टरचे वडील ना? बोट हललं नाही. वाचायला आला होतात? उठलं. आधी धडधाकट होतात? उठलं. मग हे त्या कॉफीमुळे झालं का, विचारलं. बोट उठलं ते खाली जाईना.

जिन्यात पावलं वाजली. मी दुसरी कादंबरी उघडून वाचू लागले. आवाज माझा वाटेना. सिस्टर फोन घ्यायला गेल्या तेवढ्यात कॉफी कुंडीत ओतली. आत्ताच निघायला हवं. पण पाय... उद्या सकाळी निघते.

१५ नोव्हेंबर

दारापर्यंत अकरा पावलं. सहाव्यालाच खाली बसले. सिस्टरनी काखेत हात घालून उचललं, सफाईने. रागावल्या नाहीत. "आता दमायचं नाही हं. मी आहे ना." कुंडीबद्दल चकार शब्द नाही. आज कॉफी नव्हती. सुई होती.

१७ नोव्हेंबर

वरच्या खोलीत दुसरी खाट लागली — माझी. वही गादीखाली. दुपारी सिस्टर स्वतः वाचतात. फार सुरेख वाचतात. मग वाचायला माणूस कशाला ठेवलं हे —

अनाथाश्रमात वाढल्या म्हणे. जन्मभर दुसऱ्यांचेच आईबाप सांभाळले, म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर

उद्या डॉक्टर येणार. त्यांना सांगायचं. नाव, छापखाना, घरमालक. तोंडात घोळवतेय. जीभ जड —

२० नोव्हेंबर

डॉक्टर म्हणजे थकलेला माणूस. आजचं विसावं घर म्हणाले. सिस्टरनी सांगितलं, "ही माझी आई. झटका आला म्हणून इकडे घेऊन आले." डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. मी नाव सांगितलं. छापखाना. सगळं, सावकाश, स्पष्ट.

डॉक्टर सिस्टरकडे वळून म्हणाले, आवाज काढायची धडपड चाललीय, चांगलं लक्षण आहे.

तारीख माहीत नाही

वही सापडली सिस्टरना. ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून आम्हा दोघांना वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. टपालवाल्यापाशी हसल्या. बाबांनी डोळे मिटून घेतले —

म्हणाल्या, शेवट राहिलाय. पेन दिलं. माझ्या बोटांवर त्यांची बोटं — घट्ट — त्या सांगतात ते लिहायचं —

मी इथे फार सुखात आहे. माझी लेक माझी खूप काळजी घेते. मला आता कुठेही जाय