दहा पावलांवरची लेओंतीन

पॅरिस, ९ मे १८८०

प्रिय ब्लाँशताईस,

तुझा गुडघा कसा आहे? लिस्यूच्या ओलसर हवेत कुरकुरत असणारच, त्याला माझा नमस्कार सांग. आम्ही बापलेक ठीक आहोत.

रुआंच्या उर्तलूबाईंनी आपल्या मुलासाठी, फुल्बेरसाठी, लेओंतीनला पसंत करण्याआधी तिचं चित्र मागवलं, हे तुला कळवलंच होतं. मी फोटो काढून मोकळा होणार होतो. पण लेओंतीनची शाळेतली मैत्रीण सिदोनी म्हणाली, ‘मी रंगवते.’ (ती त्या नव्या मंडळींपैकी, ज्यांच्या चित्रांना वर्तमानपत्रं हसतात.) चांगल्या घरची मुलगी, कॅफेत बसून चित्रं काढणं शोभत नाही आणि उजेड तर हवा, म्हणून तिने आमचं जेवणघर घेतलं. दीड महिना आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने सूप प्यायलो.

चित्र झालं. नाक म्हणजे एक ठिपका, हिरवा पडदा केसांत शिरलेला आणि डाव्या हाताच्या जागी चार पांढरे फटकारे. मी विचारलं, “पोरी, हात कुठाय?” तर म्हणते, “काका, तो हलत होता. आणि नाक लावून काय बघताय? दहा पावलं मागे जा!” आता आमचं जेवणघर सहा पावलांचं. उरलेली चार पावलं दार उघडून जिन्यात टाकावी लागली. तिथून मात्र, खोटं कशाला बोलू, लेओंतीन बसलेली दिसते. कप बाजूला सारून आता काहीतरी टोमणा मारणार, अशी. (वरच्या मजल्यावरचे म्हातारे कॅप्टन उतरताना तिला टोपी काढून नमस्कार करतात. मला कधी केला नाही.)

गुरुवारी उर्तलूबाई आल्या. मी त्यांची खुर्ची जिन्यात मांडली, कॉफी तिथेच दिली. येणारेजाणारे त्यांच्या घागऱ्याला वळसा घालून जात होते. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “मुलगी बरी आहे हो, पण आमच्या फुल्बेरने अंगठी घालायची कुठे?” जमत आलेलं लग्न चार फटकाऱ्यांपायी मोडणार! तेवढ्यात लेओंतीन पीठ लागलेला हात पुढे करून म्हणाली, “हा घ्या, मादाम. एका जागी राहत नाही, एवढाच त्याचा दोष.” बाई इतक्या हसल्या, की कॉफी दोन पायऱ्या खाली गेली. लग्न ऑक्टोबरात.

तुझा धाकटा भाऊ,
आंसेल्म

ता. क. उर्तलूबाईंना आता ते चित्रही हवंय. सुनेबरोबर पाठवा म्हणतात. असलं अर्धवट काम घरातून गेलं तर बरंच, नाही का?

पुन्हा ता. क. ते चित्र मी तुला, तिच्या धर्ममातेला, कबूल केलंय, असं त्यांना सांगून बसलोय. तेव्हा ‘माझं चित्र मलाच हवं’ असं एक रागाचं पत्र त्यांना लिही. तुला छान जमतं. मात्र न्यायला येऊ नकोस. ऑक्टोबरनंतर सकाळच्या कॉफीला मी एकटाच असणार.