दोन पाटांची जागा

वहिनी,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. मला खोटं लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि सध्या मी तुझ्यावर इतकी जळते आहे की तो शब्द तसाच ठेवणं जमेना. गेलेल्या माणसावर जळू नये म्हणे. मग गेलेल्या माणसानेही जरा कमी आठवावं की!

पत्राचं कारण सांगते. मी बिझनेस अ‍ॅनालिसिस शिकते आहे. हस, पोटभर हस! दर शनिवारी एमपी नगरात क्लास असतो. इतकी वर्षं मी टेस्टिंगमध्ये काढली. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि पगार घ्यायचा. "वन्सं, तुमच्या स्वभावाला अगदी शोभतं हो!" असं तू म्हणायचीस. मला चिडवायचं असलं की हमखास 'वन्सं'. आता मी तुझं काम शिकायला निघाले आहे. प्रोग्रामर कामाला बसण्याआधी, लोकांना नेमकं काय हवंय ते शोधून काढायचं. तू होतीस तेव्हा घरबसल्या शिकता आलं असतं. पण तुझ्यासमोर 'मला हे येत नाही' म्हणायचं? छे!

आणि काय सांगू, तिथेही तूच! पहिल्याच तासाला सर म्हणाले, "अपने भोपाल में ही एक मैडम थीं. मैंने उनके साथ काम किया है." पुढे तुझं नाव, आणि मग तुझी गोष्ट. कुठल्याशा दवाखान्याला नोंदणीच्या रांगेसाठी अ‍ॅप हवं होतं. मॅडम सकाळभर रांगेशेजारच्या बाकावर बसून राहिल्या आणि परत येऊन म्हणाल्या, अ‍ॅप राहू द्या, आधी कोणत्या खोलीत काय आहे त्याचा बोर्ड लावा, अर्धी रांग तेवढंच विचारायला उभी असते. "मीटिंग में सबसे कम वो ही बोलती थीं," सर कौतुकाने म्हणाले. माझ्या शेजारची मुलगी भराभर लिहून घेत होती. ही माझी वहिनी, असं मी सांगितलं नाही. का सांगू? चहाच्या सुट्टीत सगळे तुझ्या गोष्टी ऐकायला माझ्याभोवती जमले असते.

सगळ्यात कमी बोलणारी म्हणे! घरी तर तुझं आणि आईचं बोलणं संपता संपत नसे. बरोबर आहे, बोलायची आईच. माझी आई! माझ्याशी फोनवर 'जेवलीस का' आणि 'ठेवू का' यापलीकडे न जाणारी बाई तुला तिच्या अकोल्याच्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं सांगायची. मला ती नावं तुझ्याकडून कळली. असं कुठे असतं का गं?

मी कोटऱ्याला फ्लॅट घेतला तेव्हाचं आठवतं? एकटी राहते, आई अधूनमधून येऊन राहील, म्हणून किचन सगळं तिला विचारून केलं. कपाटांचा रंग, टाइल्स, ओट्याची उंची. तिचं प्रत्येक गोष्टीला एकच, "छान आहे." मी खूश! आली, चार दिवस राहिली आणि "करमत नाही" म्हणून आनंद नगरला, तुमच्याकडे परत. तुझ्या त्या किचनमध्ये! तू तर खिडकीखालचं चांगलं कपाट सुताराकडून काढवून घेतलं होतंस, आईला खाली बसून विळीवर भाजी चिरता यावी म्हणून. त्या भगदाडाला मी किती हसले होते. मनात मात्र पक्कं बसलं, हिनेच आईच्या कानात काहीतरी भरवलंय.

तू गेल्याला आता वर्ष होईल. आई घरात असते, कामंही करते, पण बोलत नाही. त्यात दादाची नागपूरला बदली झाली आहे. आईने त्याच्याबरोबर जायचं की माझ्याकडे यायचं? विचारलं की म्हणते, "तुम्ही दोघं ठरवा." दादा म्हणतो, "तिला माझी सवय आहे." असेल. पण मला ती माझ्याकडे हवी आहे, वहिनी. आणि मी आग्रह केला म्हणून नको. तिने आपणहून यावं. तुझ्याकडे कशी यायची, तशी.

गेल्या शनिवारी सरांनी गृहपाठ दिला. "घर में किसी एक से उसके दिन के बारे में पूछिए. 'क्या चाहिए' नहीं पूछना है. और सामने वाला रुक जाए, तो अपन को चुप रहना है." मला गप्प राहायला सांगणारा हा जगातला पहिला माणूस नव्हे, पण ऐकलं मात्र पहिल्यांदाच.

आज सकाळी आनंद नगरला गेले. आई तुझ्या त्या खिडकीखाली विळी मांडून दुधी चिरत होती. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "आज उठल्यापासून काय काय केलंस, सांग."

"हे काय नवीन?" म्हणाली. पण सांगू लागली. चहा, देवपूजा, दूध तापवलं, दादाचा डबा. "मग भाजी घेऊन इथे बसले," म्हणाली आणि थांबली.

मी ओठ घट्ट मिटून बसले. कुकरची शिट्टी झाली तरी बोलले नाही! शेवटी राहवलं नाहीच. "खाली का गं बसतेस? उभं राहून पाय दुखतात?" सरांनी इथे मार्क कापले असते. उत्तर आपणच पुरवायचं नसतं ना.

"पाय कशाला दुखतील?" आई म्हणाली. "ओट्याशी उभं राहिलं की तोंड भिंतीकडे आणि पाठ माणसांकडे. बोलणार कोणाशी? खाली बसलं की समोर कोणी बसतं. ही ऑफिसातून आली की पर्स टाकायची, पाट ओढायची आणि मेथी निवडत बसायची." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्याकडच्या टाइल्स छान होत्या हो. पण चार दिवस मी त्याच बघत होते."

वहिनी, आईचं 'छान आहे' म्हणजे होकार नव्हे, हे तुला कधी कळलं? आणि मला का नाही सांगितलंस? सांगितलंही असशील. मी ऐकून घेतलं असतं असं नाही.

तुझा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मी तो घेतला नाही. खुर्चीवरून उठले आणि तशीच फरशीवर बसले. आईने एकदा बघितलं आणि गवारीची परडी माझ्याकडे सरकवली. मी शेंगा मोडत राहिले. मग दुधीवरची नजर न काढता तिने विचारलं, "तुझ्याकडे अशी दोन पाटांची जागा निघेल का गं?"

आईने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं, आणि तेही तुझंच! रडले मी. आधी आनंदाने, मग रागाने, आणि मग तू हवी होतीस म्हणून. आई म्हणाली, "गवारीत मीठ मी घालते, तू राहू दे."

हे गृहपाठात लिहिणार नाही. सर पुन्हा तुझंच कौतुक करतील. पण तुला शब्द देते. माझ्या खिडकीखालचं कपाट निघेल. आई तुझ्याबद्दल बोलू लागली की मी जळेन, पण मध्ये तोंड घालणार नाही. तिला पुरतं बोलून घेऊ देईन.

फक्त एक ध्यानात ठेव, आईसमोरचा तो दुसरा पाट माझा. तिथे मी बसणार, तू नाही. तुझा आनंद नगरचा पाट सामानाबरोबर येईलच, आई काही तो टाकू देणार नाही. आताच सुताराला फोन केला. आईने दोन पाटांची जागा मागितली होती. मी त्याला तीन पाटांची सांगितली आहे.

अजूनही जळणारी,
तुझी वन्सं